कामठ्याचे छप्पर

येलदरीच्या धरणाला दहा दरवाजे आहेत आणि पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॅटची तीन जनित्रे. पूर्णा नदीवरचे हे मातीचे धरण १९६८ मध्ये पुरे झाले. भिंतीची लांबी सव्वाचार किलोमीटरच्या आसपास, पोटात सुमारे ९३ कोटी घनमीटर पाणी. धरणाचा इतिहास लिहिताना कालवे, भिजलेली एकरे, परभणी-हिंगोलीच्या नळांना आलेले पाणी यांचे आकडे दिले जातात आणि ते द्यायलाच हवेत. पण त्याच काळात जिंतूर तालुक्यातल्या गावांत आणखी एक गोष्ट घडली, ती कुठल्या आकड्यात बसली नाही. सुतार आणि लोहार यांच्या घराला लागून जी कामाची जागा असे, जिला या भागात कामठा म्हणतात, तिचा आकार बदलला. काम करायला लागणारी ताकद कुठून येते यावर कामाची जागा ठरते. हाताची ताकद होती तोवर कामठा एका तऱ्हेचा होता, इंजिन आले तेव्हा दुसऱ्या तऱ्हेचा झाला आणि तारेतून वीज आली तेव्हा तिसऱ्या. तिन्ही वेळा तो कारागिराने स्वतःच उभारला.

जुन्या कामठ्यापासून सुरुवात करावी लागते. मोल्सवर्थच्या कोशात बारा बलुतेदारांच्या तीन कासा, म्हणजे प्रती, दिल्या आहेत आणि थोरल्या कासेत पहिली नावे सुतार आणि लोहार यांची आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त हीच व्यवस्था तिच्या गुणदोषांसह बारकाईने मांडली. शेतकऱ्याने सुगीला खळ्यावरून धान्य द्यायचे आणि कारागिराने वर्षभर अवजारे दुरुस्त ठेवायची, हा व्यवहार सगळ्यांना ठाऊक असतो. त्याचा कामाच्या जागेवर काय परिणाम झाला हे मात्र फारसे सांगितले जात नाही. नवे अवजार करायचे तर लाकूड शेतकरी आणी, लोखंडही तोच आणी. कारागिराचे हात आणि हत्यारे. त्यामुळे माल साठवायला खोली लागत नसे. बनवून ठेवलेली अवजारे विकायला मांडायची नसत, म्हणून दुकानही लागत नसे. दोन माणसे बसून काम करतील एवढे छप्पर आणि समोर मोकळे अंगण, एवढ्यात गावाची शेती चाले. तिफण, वखर, डवरा, नांगर, बैलगाडी हे सगळे त्या अंगणातून शेतात जात असे.

सुताराला उजेड हवा असतो. रेघ मारायची, गुण्या लावून काटकोन पाहायचा, पटाशीने खाच घ्यायची, रंध्याखाली लाकूड कुठे उंच राहिले ते तिरप्या नजरेने न्याहाळायचे. अंधारात हे जमत नाही. म्हणून सुताराचा कामठा बहुधा तीन बाजूंनी उघडा, एखाद्या लिंबाच्या सावलीला धरून केलेला असे. लोहाराचे उलटे. तापलेल्या लोखंडाचा रंग हीच त्याची मोजपट्टी. काळपट लाल, लाल, केशरी, पिवळा आणि त्यापुढे ठिणग्या उडू लागणारा पांढरा. दोन तुकडे जोडायचे तर एका रंगावर, फाळ शेवटायचा, म्हणजे तापवून ठोकून धारेला आणायचा, तर दुसऱ्या, पाणी पाजायचे तर तिसऱ्या. भर उन्हात हे रंग दिसतच नाहीत. लोखंड प्रत्यक्षापेक्षा थंड भासते, लोहार ते जास्त तापवतो आणि धार जळून जाते. म्हणून भट्टीवर सावली दाट लागते. एकाच घरात दोन्ही कामे होत असली की भट्टी भिंतीच्या आडोशाला, घराच्या अंधाऱ्या अंगाला आणि वाकस-करवतीचे काम अंगणाच्या कडेला, अशी वाटणी होई. ही वाटणी कुणी कागदावर आखलेली नसे. पण ती इतकी पक्की होती की भट्टी कुठे आणि वाकसाची बैठक कुठे हे नव्या माणसाला विचारावे लागत नसे.

ऐरण जमिनीत पुरलेल्या बाभळीच्या ओंडक्यावर बसवत. घणाचा घाव जमिनीत जिरावा म्हणून ओंडका खोल गाडावा लागतो आणि ऐरणीची उंची लोहाराच्या कामाच्या पद्धतीवर ठरते. बसून काम करणाऱ्याची ऐरण बुटकी, उभ्याने करणाऱ्याची उंच. जमीन मातीचीच ठेवत, सारवून. लाल लोखंड हातातून सुटले तरी माती जळत नाही आणि पटाशी पडली तरी धार मोडत नाही.

भाता मात्र घराशिवाय चालत नसे. कातड्याचा भाता एकसारखा ओढावा लागतो, वारा तुटला की विस्तवाचा रंग उतरतो. हे काम घरातली बाई किंवा वाढता मुलगा करी. चूल आणि भट्टी यांच्यात चार पावलांचे अंतर असण्याचे कारण हेच आहे. कारखाना घराजवळ असणे ही सोय होती, असे आज वाटते. खरे तर ती गरज होती, कारण कामठ्याची निम्मी ताकद घरातल्या माणसांच्या हातातून येत होती. मुलगा भाता ओढता ओढता रंग ओळखायला शिके. धंद्याची शाळाही तीच.

बैलगाडीच्या चाकाला धाव बसवायची असली की सगळा कामठा अंगणात येई. चाकाचा मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि बाहेरून पुठ्ठ्यांचा घेर, एवढे लाकूडकाम सुताराचे. त्यावर लोखंडी पट्टीची कडी, ती धाव. धाव लाकडी घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात. गोवऱ्यांच्या गोल आगीत ती लाल होईपर्यंत तापवली की फुगते, तेवढ्या वेळात सांडशींनी धरून चाकावर बसवायची, घणाने सारखी करायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सगळे आरे, सगळे पुठ्ठे एकमेकांत आवळून बसतात. धाव जास्त लहान झाली तर आरे वाकतात, मोठी राहिली तर पहिल्याच उन्हाळ्यात ढिली होऊन निघते. हे माप धावेच्या आतून आणि चाकाच्या बाहेरून फिरवलेल्या एका छोट्या चकतीच्या फेऱ्या मोजून किंवा दोरीने घेतले जाई. या कामाला छप्पर चालत नाही, चार-पाच माणसे एकाच वेळी फिरू शकतील एवढी मोकळी जागा लागते. म्हणून जुन्या कामठ्याची खरी लांबी-रुंदी मोजायची तर अंगण धरून मोजावी लागते.

छप्पर कसे करत तेही पाहण्यासारखे आहे. मराठवाड्याचे जुने घर माळवदाचे. लाकडी खांब, तुळया, आडव्या कड्या, त्यावर काटक्या-फळ्यांची दाटी आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. पण माळवदाखाली भट्टी पेटवली तर धूर कोंडतो आणि वरचे लाकूड काळे पडून वाळते. म्हणून घर माळवदाचे असले तरी कामठा त्याला लागून सपारात असे, तुराट्या-गवताचा, पुढे पत्र्याचा. खाली काळी माती असली तर आणखी एक अडचण. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर उभा केलेला खांब वर्षाला थोडा थोडा कलतो. काळी उकरून मुरूम लागेपर्यंत जायचे आणि मग खांब रोवायचा, ही रीत पूर्णेच्या काठच्या माणसाला कुणी शिकवावी लागली नाही. जिंतूरच्या डोंगराळ अंगाला मुरूम वरच लागतो, नदीकडे उतरावे तसतसा तो खोल जातो.

घिसाड्यांना, म्हणजे फिरत्या लोहारांना, हे काही लागत नसे. त्यांची ऐरण गाडीतून गावोगाव जाई, रस्त्याकडेला खड्ड्यात भट्टी पेटे आणि घण बहुतेक वेळा बाईच्या हातात असे. गावच्या लोहाराला छप्पर हवे होते ते गावाशी वर्षाचा करार होता म्हणून.

ताकदीचा दुसरा प्रकार महाराष्ट्रात कसा आला याचे सर्वांत चांगले उदाहरण येलदरीपासून लांब, दक्षिणेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईत जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखू येत नाहीत असे लक्षात आल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी भाऊ रामूअण्णांसह सायकलचे दुकान काढले. दुरुस्तीतून कडबा कापण्याचे यंत्र आले, त्यातून लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती आणि पहिले नांगर विकायला फार वेळ लागला. मग बेळगावातली जागा नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जागा निवडुंगाने भरलेली होती आणि सापही पुष्कळ. १९१० च्या मार्चमध्ये काम सुरू झाले. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखे सोबती, त्यांची कुटुंबे, यंत्रे आणि राहती घरे एकाच माळावर, एकाच वेळी उभी राहत होती. वसाहतीच्या उभारणीची मोठी जबाबदारी रामूअण्णांनी उचलली. आज या वसाहतीचे, किर्लोस्करवाडीचे, नाव काढले की उद्योगसमूह आठवतो. सुरुवातीला ती घराला चिकटलेला मोठा कामठाच होती आणि तिचा इतिहास वाचताना सगळ्यांत ओढ लावतात ती निवडुंग तोडण्याची पहिली वर्षे.

इंजिनवर चालणारी कार्यशाळा हातकामाच्या कामठ्यापेक्षा वेगळी का दिसते, याचे उत्तर छपरात असते. एक इंजिन खोलीच्या टोकाला. त्याच्यापासून छताला टांगलेला लांब लोखंडी दांडा आणि त्यावर चाके. प्रत्येक चाकावरून कातडी पट्टा खाली उतरून एका यंत्राला फिरवतो. म्हणजे सगळी यंत्रे दांड्याखाली एका रांगेत हवीत. छपराने केवळ पाऊस अडवून भागत नाही, फिरणाऱ्या दांड्याचा भार आणि थरथर पेलावी लागते, म्हणून कैच्या भक्कम आणि खोली अरुंद-लांब. बेळगावच्या सायकल दुकानाच्याच काळात अमेरिकेत डेटन गावी राईट बंधूंचेही सायकलचे दुकान होते. तिथली यंत्रे छताच्या दांड्यावरच फिरत आणि तो दांडा फिरवणारे इंजिन त्यांनी स्वतः बनवलेले होते. त्याच दुकानात चार्ली टेलरने १९०३ च्या विमानाचे इंजिन घडवले. दोन्ही ठिकाणी सायकलने माणसांना लहान, नेमक्या, फिरणाऱ्या भागांची सवय लावली, हा योगायोग मोलाचा आहे.

घरातच कार्यशाळा उभारण्याची दुसरी तऱ्हा दादासाहेब फाळके यांची. लंडनहून कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि छपाईचे यंत्र आणून १९१२ मध्ये त्यांनी दादरच्या राहत्या घरात चित्रपटाचा सगळा खटाटोप मांडला. स्वयंपाकघर ही काळोखी खोली झाली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडत. ते यंत्र हाताने चालायचे, म्हणजे इथेही ताकद घरातल्याच माणसाची होती. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भाता ओढणारी लोहारीण आणि छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाई यांना एकाच इतिहासात जागा मिळायला हवी.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९०० च्या आसपास हैदराबाद-मनमाड रेल्वे झाली आणि परभणी तिच्यावर आली. रेल्वेबरोबर पट्ट्या, सळया, तयार अवजारे आणि त्यांचे सुटे भाग येऊ लागले. गावच्या लोहाराला जुने लोखंड पुन्हा पुन्हा वापरण्याची गरज हळूहळू कमी झाली. पण त्याचा कामठा मात्र बराच काळ हातावरच राहिला. इंजिन घेण्याची ऐपत पिठाच्या गिरणीवाल्याची किंवा बागायतदाराची, बलुत्यावर जगणाऱ्याची नव्हे.

मग पूर्णा प्रकल्प आला. १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि या उलथापालथीनंतरच्या वर्षांत येलदरीला आणि खाली सिद्धेश्वरला धरणे उभी राहिली. धरणाचे काम चालू असते तिथे लोहारकाम, सुतारकाम, वाहनदुरुस्ती यांच्या शेड आधी उभ्या राहतात. दरवाजे, साचे, ट्रकचे पाटे, सगळ्याला कारागीर लागतात. दुसरीकडे बुडीत क्षेत्रातली गावे उठत होती. माळवद उतरवायचे, तुळया, कड्या, चौकटी मोजून गाडीत भरायच्या आणि नव्या जागेवर पुन्हा चढवायच्या, ही मराठवाड्यातली जुनीच रीत. घर मोडले तरी घराचे लाकूड मोडत नाहीत. कामठा हलवताना ऐरणीचा ओंडका उपटून न्यावा लागतो आणि नव्या गावठाणात पहिल्यांदा तोच गाडला जातो, कारण त्याशिवाय दारा-खिडक्यांचे बिजागर आणि कोयंडेही होत नाहीत.

येलदरीची वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते, खालच्या गावातला दिवा तिच्याच पाण्यावर जळतो असे म्हणता येणार नाही. पण गावात तार आली आणि कामठ्यात आधी भात्याच्या जागी विजेचा पंखा बसला. बदल छोटा दिसतो. त्याने मात्र घरातल्या एका माणसाला भट्टीसमोरून मोकळे केले. मग आले ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंग. आता प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार आहे. छताच्या दांड्याची गरज नाही, यंत्रे रांगेत असण्याचीही नाही. जिथे उजेड आणि जागा सापडेल तिथे यंत्र ठेवता येते. दोन तुकडे जोडायला लोखंडाचा रंग पाहत बसावे लागत नाही, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्याचीही गरज संपली. शेवटणे कमी झाले, घासून-वेल्डून काम भागू लागले. कामठा अंधारातून रस्त्याच्या कडेला आला आणि त्याच्या दारावर ‘वेल्डिंग वर्क्स’ असे लिहिले गेले.

आजची शेड कशी बांधतात ते पाहिले तर जुन्या रीतीचे धागे लगेच सापडतात. घराशेजारची किंवा रस्त्याकाठची जागा. आधी काळी माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मस करायची आणि एक पावसाळा तसाच जाऊ द्यायचा, ज्याला घाई नाही तो असेच करतो. मग खड्ड्यांत काँक्रीट ओतून त्यात पट्ट्या सोडायच्या आणि त्यांवर लोखंडी खांब. कैच्या जमिनीवरच करतात. पहिली कैची मोजून, कोपरे टाक्यांनी धरून, मग बाकीच्या तिच्यावरच पसरून जुळवायच्या म्हणजे सगळ्या सारख्या उतरतात. हे सुताराचे जुने तंत्र. तोही पहिल्या आऱ्यावरून बाकीचे आरे करी. वर्षभर शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या शेडसाठी उरलेले अँगल आणि चौकोनी पाईप बाजूला काढत जातो आणि उन्हाळ्यात, काम थंड असताना, शेजाऱ्यांच्या मदतीने कैच्या उभ्या करतो. पत्रा वाऱ्याने उचलू नये म्हणून कडेला हूक जास्त. पत्र्यांच्या मध्ये एक-दोन पारदर्शक पत्रे, उजेडासाठी. जमीन आता काँक्रीटची करतात, पण ऐरण ज्याच्याकडे अजून आहे तो तिच्यापुरता मातीचा चौकोन सोडतो.

विजेची आखणी सगळ्यांत जास्त पैसे खाते. लाकडाचे मोठे यंत्र तीन फेजवर चालते, घरची जोडणी एका फेजची असते. वेगळी जोडणी, वेगळे मीटर, जाड वायर, अर्थिंग. काळ्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावे लागते. लहान इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्रांनी ही अडचण बरीच सोपी केली, ती एका फेजवर आणि कमी भारात चालतात. ओंडके चिरणारी सॉ मिल टाकायची तर वनखात्याचा परवाना लागतो, म्हणून गावचा सुतार आता चिरलेले लाकूड आणतो किंवा लोखंडाकडे वळतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बैलचलित अवजारांवर संशोधन होते. पण शेतात उतरणारे अवजार शेवटी गावच्या शेडमध्येच त्या मातीप्रमाणे वाकवून, छाटून बेतले जाते. सोयाबीन वाढल्यावर ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रांना फण कुठे आणि किती अंतरावर हवेत, हे ठरवताना इथल्या कारागिरांना तिफणीच्या हिशेबाचा उपयोग झाला.

स्वतः उभारलेली जागा माणसाला काय करू देते याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. कुंडलपासून फार लांब नसलेल्या देवराष्ट्रे गावात, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी चारचाकी घडवली. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर गेली, उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्या महिन्यात ती पोचलीही. कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. गच्ची काय आणि गावची शेड काय, प्रयोग करायला भाडे द्यावे लागत नाही, रात्री काम थांबवून सकाळी तिथूनच पुढे सुरू करता येते, अर्धवट वस्तू कुणी हलवत नाही. मोठ्या कामाला हे तीन गुण लागतातच.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा पारंपरिक धंद्यांत सुतार आणि लोहार दोन्ही आहेत. हत्यारांच्या संचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, आधी एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांचे पाच टक्के व्याजाचे कर्ज. हत्यारांची सोय यात स्पष्ट आहे. पण तीन फेजची जोडणी, मुरूम, काँक्रीट आणि कैच्या यांचा खर्च पंधरा हजारांच्या कितीतरी पुढे जातो आणि त्यासाठी वेगळे अनुदान या योजनेत नाही. म्हणून जिंतूरच्या रस्त्यावर नवी शेड उभी राहते तेव्हा पहिल्या वर्षी खांब आणि पत्रा, दुसऱ्या वर्षी एक भिंत, तिसऱ्या वर्षी फरशी आणि मीटर असाच क्रम दिसतो आणि मधल्या काळात काम त्याच अर्ध्या शेडमध्ये चालू असते.